'श्यामची आई'वर चर्चा: संपूर्ण वर्ग की लहान गट?

साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'मध्ये पोहायला घाबरून माळ्यावर लपलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते, कारण आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये असे तिला वाटते. तिचे हे वागणे योग्य होते का, हा प्रश्न शिक्षकाने संपूर्ण वर्गाला विचारला, तर बहुधा नेहमीचीच चार-पाच मुले हात वर करतात आणि शिक्षकांना जे आवडेल असे वाटते तेच उत्तर देतात. चार-चार मुलांच्या गटात मात्र एरवी गप्प बसणारे मूलही स्वतःच्या घरचा अनुभव सांगू शकते आणि आईचे प्रेम मान्य करूनही तिचा मार ते नाकारू शकते. म्हणूनच या प्रकरणासाठी मला गटचर्चा निःसंशय अधिक योग्य वाटते. मात्र कोणालाही खाजगी गोष्ट सांगण्याची सक्ती नसावी, आणि प्रत्येक मताला पुस्तकातील एखाद्या वाक्याचा आधार देण्याची अट असावी, नाहीतर बोलणे कथेपासून दूर जाते.

संपूर्ण वर्गाची चर्चा 'अळणी भाजी'सारख्या प्रकरणाला अधिक शोभते. भाजीत मीठ नसतानाही घरातली माणसे ती निमूटपणे का खातात, हे समजण्यासाठी त्या काळातील घराची रीत आधी सांगावी लागते, आणि ती शिक्षकाने एकदाच, सर्वांसमोर सांगणे सोयीचे असते. वेळही कमी लागतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत ही बाब लहान नाही.