अप्पांसाठी घरची पॅलिएटिव्ह सेवा: सात महिन्यांचा अनुभव

अप्पा, म्हणजे माझे वडील, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. तंबाखू-चुना चाळीस वर्षं. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन आणि रेडिएशन महात्मा फुले योजनेत झालं, वर्षभर बरं गेलं, आणि आषाढात गाठ परत आली, या वेळी गळ्याकडे. डॉक्टरांनी फाईल मिटली आणि म्हणाले, "आता घरी न्या, आनंदात ठेवा." कसं ठेवायचं ते काही सांगितलं नाही. तिथून माघापर्यंत आम्ही दोन पॅलिएटिव्ह, म्हणजे घरी येऊन दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या, सेवा वापरल्या आणि मध्ये दहा दिवस एका केंद्रात राहिलो. नावं मुद्दाम लिहीत नाही. तुमच्या भागात येणारी माणसं वेगळी असतील, आणि या कामात माणसांवरच सगळं असतं.

पहिली सेवा खाजगी कंपनीची. घाबरलेली माणसं निवडतात तशी निवडली, चकचकीत माहितीपत्रक बघून. हॉस्पिटलचा बेड, बारा तासांची नर्स, आठवड्याला डॉक्टर आणि मोबाईलवर रोजचा तक्ता, महिन्याचे ५२ हजार आगाऊ. तक्ता नेमाने यायचा. बीपी, शुगर, ऑक्सिजन, सगळं नॉर्मल. त्या नॉर्मल माणसाला रात्री दुखणं सहन होत नव्हतं, ते भिंतीवर मूठ आपटायचे. एकदा रात्री दोनला फोन केला. "सर, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे." सकाळी डॉक्टरांना मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या वेदनाशामकाचं, विचारलं तर म्हणाले, "ते आमच्याकडे होत नाही, फार वाटलं तर ॲडमिट करा." पाच आठवड्यांनी बंद केलं. उरलेल्या दिवसांचे पैसे मिळायला पुढचे दोन महिने गेले. मेडिक्लेमवाल्यांनीही हात वर केले, कारण आमच्या पॉलिसीत रुग्णालयात भरती असेल तरच पैसे होते.

दुसरी सेवा एका ट्रस्टची, मोफत. डॉक्टर, सिस्टर आणि एक समाजसेविका अशी तिघं आली. पहिला अर्धा तास कुणी बीपीचं मशीनसुद्धा काढलं नाही, तेव्हा मला वाटलं, फुकटचं म्हणजे असंच असणार. अप्पांना बोलता येत नव्हतं, नातवाची पाटी घेऊन लिहायचे. सिस्टरने विचारलं, "सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो?" आम्हाला वाटलं दुखण्याचं लिहितील. त्यांनी लिहिलं, "वास".

जखमेला वास यायचा हे आम्हाला कळत होतं, पण बोलायचं कुणी? आम्ही उदबत्त्या लावायचो. नातवाला ते जवळ येऊ देत नाहीत याचं कारण तेव्हा कळलं. सिस्टरने मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या कुटून त्याची पूड ड्रेसिंगच्या वेळी जखमेवर भुरभुरायला शिकवलं. साध्या, जुलाबावर देतात त्या गोळ्या. चार-पाच दिवसांत फरक पडला. आठवड्याने नातू खाटेवर बसून "माझी पाटी परत द्या" म्हणून भांडत होता. ५२ हजारांच्या तक्त्यात वासाचा रकाना नव्हता.

मग मॉर्फिन. यावरून घरात महाभारत झालं. नाशिकचा काका फोनवर ओरडला, "बापाला अफू चारताय?" डॉक्टरांनी त्याच्याशीही स्पीकरवर बोलून घेतलं. दुखण्यासाठी मोजून दिलेल्या मॉर्फिनची नशेसारखी ओढ सहसा लागत नाही. डोस दुखण्याप्रमाणे वाढवता येतो. पहिले दोन-तीन दिवस झोप आणि मळमळ होईल, ती ओसरेल. बद्धकोष्ठता मात्र ओसरत नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून. दर चार तासांनी गोळी, रात्री झोपताना दुप्पट, म्हणजे मध्ये उठवायला नको. जेवणाच्या नळीतून देताना साधी गोळी पाण्यात विरघळवायची. हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची गोळी कुटायची नाही, हे त्यांनी दोनदा बजावलं. पहिल्या रात्री अप्पा सलग झोपले आणि आम्ही दोघं भाऊ श्वास चालू आहे ना हे बघत जागलो.

साध्या मेडिकलमध्ये हे मिळत नाही. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालं, तरी अनेक जण ती मान्यता घेतच नाहीत. सेवा निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा: मॉर्फिन तुम्ही स्वतः देता का? उत्तरात "गरज पडली तर बघू" आलं, तर पुढचा फोन लावा. आणि गंमत म्हणजे सात महिन्यांच्या खर्चात सगळ्यात स्वस्त हीच वस्तू निघाली.

आता उणं. टीम आठ-दहा दिवसांनी यायची, रविवारी नाही. रोजचं ड्रेसिंग, नळीतून जेवण, कूस बदलणं हे सगळं मी आणि आईने केलं. ब्युरोतून ठेवलेल्या तीन अटेंडंट सोडून गेल्या, जखम बघून. रात्रीचा फोन सिस्टर उचलायच्या, पण दोनदा तिसऱ्या प्रयत्नात लागला, आणि ती दहा मिनिटं मी विसरलेलो नाही. समाजसेविका "मन मोकळं करा" फार म्हणायच्या. अप्पांनी एकदा पाटीवर लिहून दाखवलं: "बॉडी गेली. इंजिन चालू. अजून काय?"

पण त्या टीमने खरं सांगायचं टाळलं नाही. मानेतली मोठी रक्तवाहिनी फुटू शकते, हे सिस्टरने मला जिन्यात बोलावून सांगितलं. तसं झालं तर पळापळ करायची नाही, दिलेलं औषध द्यायचं, हात धरून बसायचं आणि गडद रंगाचे टॉवेल जवळ ठेवायचे, म्हणजे रक्त उठून दिसत नाही. मी पिंपरी मार्केटमधून मरून रंगाचे सहा टॉवेल आणले. आईने विचारलं, पांढरे का नाही आणले? म्हटलं, मळतात.

डिसेंबरात आईची कंबर धरली, तेव्हा टीमनेच एका केंद्रात दहा दिवसांची सोय केली. अप्पांनी पाटीवर एकच शब्द लिहिला: "पांजरपोळ?" लोकांच्या डोक्यात हेच असतं. देशातलं पहिलं हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र), वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ पासून चालू आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे, तेही मोफत. तरी आमच्या नात्यातल्या एकानेही ही नावं ऐकली नव्हती. तिथे गेलेला परत येत नाही हा समज चुकीचा आहे. औषधं बसवून किंवा घरच्यांना विसावा देऊन पुष्कळांना घरी पाठवतात. अप्पाही आले, चहा पांचट होता ही तक्रार घेऊन. चहा नळीतूनच जायचा, पण आई थोडा बोटावर घेऊन ओठांना लावायची, त्यावरून त्यांना सगळं कळायचं.

एक व्यवहाराची गोष्ट आधीच विचारून ठेवा: घरी मृत्यू झाला तर दाखला कोण देणार? घरच्या मृत्यूसाठी उपचार करणारे डॉक्टर नमुना ४-अ भरून देतात. शेजारच्या आजोबांच्या वेळी हे कुणी विचारलेलं नव्हतं. फॅमिली डॉक्टर म्हणाले, मी सहा महिन्यांत पेशंट पाहिलेला नाही. नातेवाईक दुपारपर्यंत दारोदार फिरत होते. अप्पा पहाटे चारला गेले, फार काही न होता, शेवटचे काही तास श्वासात घरघर होती. ती ऐकणाऱ्यालाच जास्त त्रास देते, असं आम्हाला आधी सांगून ठेवलेलं होतं. सातला डॉक्टर दाखला घेऊन दारात हजर.

दहाव्यानंतर सिस्टर उरलेल्या गोळ्या न्यायला आल्या. बसून मोजल्या, ३८ निघाल्या, वहीत लिहून माझी सही घेतली. आईच्या कंबरेचं विचारलं, चहा घेतला.

टॉवेल अजून घडीत आहेत, लागले नाहीत. एअरबेड मात्र आम्ही विकत घेतला होता. पंप नीट चालतो, पायथ्याकडे एक पॅच मारलेला आहे. चिंचवड-पिंपळे गुरवच्या बाजूला कुणाला लागत असेल तर घेऊन जा, पैसे नकोत.