तीन आठवडे सगळे मिळून, की तीन महिने एकट्यानं?

व्यवसाय शिक्षण घेणाऱ्या मुलामुलींपुढे परदेशात प्रत्यक्ष काम करून शिकण्याची संधी साधारण दोन रूपांत येते. पहिल्यात वर्गातले दहा-बारा जण एका शिक्षकासोबत जातात, दोन-तीन आठवडे काम करतात आणि परततात. दुसऱ्यात एकट्यानं जायचं, तीन महिने किंवा त्याहून जास्त राहायचं आणि तिथल्या कर्मचाऱ्यांच्या बरोबरीनं राबायचं. माहितीपत्रकं दोन्हींबद्दल तेच ते सांगतात: नवी भाषा, नवी माणसं, आत्मविश्वास. मग निवड करताना लोकांना एकच फरक दिसतो, तो म्हणजे मुदत. माझ्या मते मुदत हा नंतरचा मुद्दा आहे. तुम्ही घोळक्यानं जाता की एकटे, यानं जास्त फरक पडतो.

तुलनेसाठी शिकणाऱ्यांना दुसऱ्या देशात पाठवणारी युरोपीय संघाची इरास्मस प्लस योजना घेऊ. या प्रकारातली ती सर्वांत मोठ्या योजनांपैकी आहे आणि तिचे नियम जाहीर आहेत. युरोपबाहेरच्या वाटांकडे शेवटी वळू.

नियम आणि पैसा

इरास्मस १९८७ साली सुरू झालं ते विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांसाठी. वेल्डिंग, सुतारकाम, स्वयंपाक, केशकर्तन शिकणाऱ्यांसाठी १९९५ पासून लिओनार्दो दा विंची नावाची वेगळी योजना होती. २०१४ मध्ये हे सगळं इरास्मस प्लसमध्ये एकत्र आलं. आताच्या नियमांनुसार अल्प मुदत म्हणजे १० ते ८९ दिवस. ९० दिवसांपासून वर्षभरापर्यंतच्या मुक्कामाला इरास्मस प्रो म्हणतात. अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांच्या आतही जाता येतं, हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. शेवटच्या वर्षाचा अभ्यास बुडेल म्हणून तीन महिन्यांचा विचार सोडून देणाऱ्यांनी हा नियम आधी वाचावा.

अर्ज विद्यार्थी करत नाही, त्याची संस्था करते. त्यामुळे निवड वाटते तेवढी तुमच्या हातात नसते. संस्थेनं गटाच्या फेऱ्यांपुरतीच मंजुरी घेतली असेल, तर तुमची तयारी असूनही तीन महिन्यांचा रस्ता बंद. हे आदल्या वर्षीच विचारून घ्यायला हवं.

रोजचा भत्ता कोणत्या देशात जाता त्यावर ठरतो, प्रवासाचे पैसे अंतरावर. पहिले १४ दिवस भत्ता पूर्ण मिळतो, पंधराव्या दिवसापासून मूळ दराच्या ७० टक्के. म्हणजे दिवसाच्या हिशेबानं दोन आठवड्यांची फेरी सर्वांत सढळ. शिवाय गटानं गेलात की वसतिगृह, बसचा पास, जेवण हे बहुतेक वेळा संस्थाच ठरवते आणि तुमच्या हातात खर्चापुरते पैसे येतात. एकट्यानं राहणाऱ्याला खोली भाड्यानं घ्यावी लागते, अनामत आधी भरावी लागते. भत्त्याचा सगळा हप्ता निघण्यापूर्वी मिळेलच असं नाही. घरून थोडी रक्कम उभी करता येत नसेल तर दीर्घ मुक्काम सुरुवातीलाच अवघड होऊन बसतो. शिष्यवृत्तीच्या आकड्याकडे बघताना हे लक्षात येत नाही.

विम्याचं थोडक्यात. युरोपीय आरोग्य विमा कार्डावर सरकारी रुग्णालयात गरजेचे उपचार मिळतात, मायदेशी परत आणण्याचा खर्च मात्र त्यात बसत नाही. आणि तुमच्या हातून यंत्र बिघडलं तर भरपाई कोण देणार? त्यासाठी दायित्वाचा विमा वेगळा लागतो. तो संस्थेनं काढला आहे का, हे तोंडी न विचारता लेखी मागा.

हाताला काम काय येतं

आता मुख्य मुद्दा. स्वयंपाक शिकणारी एक मुलगी दुसऱ्या देशातल्या रेस्टॉरंटच्या किचनमध्ये गेली असं समजा. पहिल्या दिवशी तिला सुरी, एप्रन आणि कांद्यांचं पोतं मिळतं. कांदा चिरायला भाषा लागत नाही. भिंतीवर ॲलर्जीकारक पदार्थांचा तक्ता लावलेला असतो: ग्लुटेन, अंडी, दूध, शेंगदाणे, तीळ, मोहरी, सेलरी असे एकूण १४. डिसेंबर २०१४ पासून युरोपीय संघात यांची माहिती गिऱ्हाइकाला देणं बंधनकारक आहे. ही १४ नावं तिला मायबोलीत पाठ असतात, तिथल्या भाषेत नसतात. ऑर्डर घेऊन आलेला वेटर ओरडून सांगतो, चार नंबरच्या टेबलाला सेलरी चालत नाही. ते तिला ऐकताक्षणी कळत नाही तोवर कोणताही शहाणा शेफ तिला गॅसपाशी उभं करणार नाही. आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

तीन आठवड्यांत ती या टप्प्यापर्यंत पोचते न पोचते, तोच परतीचं तिकीट आलेलं असतं. तीन महिन्यांत मात्र कधीतरी एका संध्याकाळी कोणीतरी सुट्टीवर असतं, गर्दी वाढते आणि शेफ म्हणतो, सॅलडचं टेबल आज तू सांभाळ. दीर्घ मुक्कामाचं मोल अशा संध्याकाळीत आहे. ती ठरवून आणता येत नाही, पण ती यायला पुरेसे दिवस हाताशी असावे लागतात.

प्रत्येक व्यवसायाला मात्र हे सारखं लागू होत नाही. सीएनसी म्हणजे संगणकाच्या सूचनांवर चालणाऱ्या मशीनवर काम करणाऱ्याचा प्रोग्रॅम जवळपास त्याच खुणांनी लिहिलेला असतो, ड्रॉइंगही वाचता येतं. युरोपात इलेक्ट्रिशियनला तपकिरी वायर फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग हे सगळीकडे एकच भेटतं. बदलतात ते सॉकेट आणि वितरण पेटीची रचना. अशा कामांत तीन-चार आठवड्यांतही मुलगा खऱ्या कामाला हात लावू शकतो. उलट वृद्धांची शुश्रूषा शिकणाऱ्याचं निम्मं काम बोलण्यातच असतं. आजोबांना उठवून बसवताना कुठं दुखतंय ते कळलं नाही, तर तंत्र कितीही चोख असलं तरी उपयोग शून्य. शुश्रूषेसाठी दोन आठवड्यांची फेरी ही बहुतांशी पाहणीच होते. केशकर्तनाचं यांच्यामध्ये कुठेतरी: कात्रीला भाषा नसते, खुर्चीत बसलेल्या बाईला असते.

वयाचाही अडसर आहे. अठराच्या आतल्यांसाठी युरोपीय संघाचा १९९४ चा निर्देश आहे: दिवसाला आठ तास, आठवड्याला चाळीस, रात्रपाळी नाही, धोकादायक यंत्रं नाहीत. शिक्षणासाठी काही सवलती आहेत, त्या देशागणिक बदलतात. बेकरीचं काम पहाटे तीनला सुरू होतं आणि सतरा वर्षांचा शिकाऊ सहा-सातला येतो, तेव्हा भट्टीतून पाव निघालेले असतात. उरतं ते ट्रे धुणं आणि गल्ला. बेकरी शिकणाऱ्यानं अठरा पूर्ण होईपर्यंत लांबच्या मुक्कामाची घाई करू नये, असं मी सांगेन.

संध्याकाळचा प्रश्न

गटानं गेलेली मुलं दिवसा विखुरतात आणि संध्याकाळी वसतिगृहात एकत्र येतात. रात्री नऊला सगळे आपापल्या भाषेत दिवसभराच्या तक्रारी सांगत बसतात. यात मजा असते, आधारही असतो. पण दिवसभरात कानावर पडलेली परकी भाषा तिथं पुसली जाते. त्यात एकाच वर्कशॉपमध्ये दोघं-तिघं एकाच शाळेचे असले की विचारायलाच नको. फोरमन त्यातल्या एकाला सांगतो, तो बाकीच्यांना सांगतो आणि सगळी परदेशवारी त्या एकाच्या वाट्याला येते.

म्हणून माझं मत जरा तिरकं आहे. गटातले तीन महिने आणि एकट्याचे चार-पाच आठवडे यांत निवड असेल तर मी एकट्याचे आठवडे घ्यायला सांगेन. नियमांत ते बसतं. अल्प मुदत म्हणजे गटच, असं कुठेही लिहिलेलं नाही. संस्थांना गट सोपा पडतो, एवढंच. दहा जणांची एक फेरी आखणं आणि दहा मुलांसाठी दहा यजमान, म्हणजे त्यांना कामाला घेणाऱ्या परदेशी कंपन्या, शोधणं, यांत कष्टांचा किती फरक आहे ते शिक्षकांना विचारा.

एकटेपणाची दुसरी बाजूही आहे. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नवलाई ओसरते, हिवाळा असेल तर चारलाच अंधारतं, आणि कंपनीतली माणसं वाईट नसली तरी काम संपल्यावर आपापल्या घरी जातात. घरापासून कधीच लांब न राहिलेल्या मुलाला थेट तीन महिन्यांसाठी पाठवणं मला पटत नाही. इरास्मस प्रोमध्ये एक चांगली सोय आहे: जाणाऱ्या विद्यार्थ्यालाही आधी जाऊन जागा पाहून येता येते. दोन-तीन दिवसांच्या अशा भेटीत खोली, बसचा रस्ता आणि ज्याच्या हाताखाली काम करायचं तो माणूस दिसतो. ही सोय न वापरणं हा निव्वळ आळस.

मालक काय म्हणतो

जिथं शिकणारा विद्यार्थी एखाद्या कंपनीत पगारी शिकाऊ उमेदवारही असतो, तिथं आणखी एक माणूस निर्णयात येतो. जर्मनीत कायद्यानं एकूण प्रशिक्षणाच्या एक चतुर्थांश काळापर्यंत परदेशात शिकता येतं, म्हणजे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात नऊ महिने, आणि त्या काळात विद्यावेतनही चालू राहतं. पण मालक राजी हवा. छोट्या गॅरेजमध्ये तिघांतला एक तीन महिने गेला तर गाड्या कोण दुरुस्त करणार? अशा ठिकाणी तीन आठवडे मागून घेणं शहाणपणाचं. मोठ्या कंपनीची परदेशात शाखा असेल तर मात्र बिनदिक्कत तीन महिने मागा.

यजमान कंपनीचा हिशेब याच्या उलट चालतो. नवख्याला शिकवण्यात पहिले आठवडे तिचा वेळच जातो. तो पुढच्या आठवड्यात निघून जाणार हे ठाऊक असेल तर शिकवायचं कशाला? लांब राहणाऱ्याकडून तिला पुढं खरं काम मिळतं. याचीच काळी बाजू अशी की तीन महिन्यांचा शिकाऊ म्हणजे काहींना फुकटचा हमाल वाटतो.

इथं कामी येतो तो करार. निघण्यापूर्वी विद्यार्थी, त्याची संस्था आणि यजमान मिळून शिक्षण करारावर सह्या करतात. यात काय शिकायचं ते लिहिलेलं असतं, आणि सगळी गोम त्याच रकान्यात असते. ‘विद्यार्थी कार्यशाळेतील विविध कामांत सहभागी होईल’ असं वाक्य दिसलं की समजा, कोणी विचारच केलेला नाही. ‘डिस्क ब्रेकचे पॅड देखरेखीखाली बदलेल, त्यानंतर स्वतंत्रपणे बदलेल आणि नोंदवहीत नोंद करेल’ असं लिहिलेलं असेल तर यजमानाला तुमच्याशी काय करायचं ते माहीत आहे. परतल्यावर मिळणाऱ्या युरोपास मोबिलिटी प्रमाणपत्रातही जे प्रत्यक्ष केलं तेच उतरणार. करारात गोळाबेरीज असेल तर प्रमाणपत्रातही गोळाबेरीजच येईल.

युरोपबाहेरचे रस्ते

अमेरिकेच्या जे-१ इंटर्न व्हिसावर, म्हणजे शिकाऊंसाठीच्या परवान्यावर, बारा महिन्यांपर्यंत जाता येतं. अट अशी की अमेरिकेबाहेरच्या बारावीनंतरच्या संस्थेत शिकत असायला हवं किंवा तिथून उत्तीर्ण होऊन वर्ष उलटलेलं नसावं. प्रशिक्षणाचा आराखडा आधी लिहून द्यावा लागतो, कारकुनी काम २० टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि रुग्णांशी किंवा वृद्धांच्या देखभालीशी संबंधित काम वर्ज्य आहे. म्हणजे शुश्रूषा शिकणाऱ्यांसाठी हा रस्ताच नाही. हॉटेल व्यवसायात सहा महिने किंवा जास्त राहायचं असेल तर निदान तीन विभागांत फिरवणं आवश्यक असतं. हा नियम मला फार आवडतो. वर्षभर एकाच लॉबीत सामान उचलायला लावण्याला तो आडकाठी करतो.

तांत्रिक शाखांच्या पदवी स्तरावरच्या विद्यार्थ्यांसाठी १९४८ पासून चालणारी आयएईएसटीई ही संस्था खऱ्या अर्थानं देवाणघेवाणीवर चालते: तुमच्या देशानं बाहेरच्यांसाठी जागा देऊ केल्या की त्याबदली तुमच्यासाठी जागा येतात. राहण्या-जेवण्यापुरतं विद्यावेतनही मिळतं.

जपानची १९९३ पासूनची तांत्रिक प्रशिक्षणार्थी योजना मात्र या यादीत धरू नका. नावात प्रशिक्षण असलं तरी ती मुळात नोकरी, आणि एरवी मालक बदलण्याची मुभा नाही. या मुद्द्यावर बरीच टीका झाल्यानंतर २०२४ मध्ये तिच्या जागी नवी पद्धत आणणारा कायदा झाला, ती २०२७ पासून लागू व्हायची आहे. पैसे मिळवण्यासाठी जायचं असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तिची तुलना इतर नोकऱ्यांशी करा.

मग कोणी काय घ्यावं

वय अठराच्या आत, पहिलाच परदेशप्रवास, आणि यजमानाबद्दल संस्थेलाही फारशी माहिती नाही: गटाची फेरी घ्या. फार शिकायला मिळालं नाही तरी नुकसानही फार होत नाही, आणि पुन्हा जाता येतं. भाषा जिथं कामाचाच भाग आहे अशा शुश्रूषा, स्वागतकक्ष, बालसंगोपन अशा व्यवसायांत, वय आणि पैशाची सोय असेल तर, थेट दीर्घ मुक्काम. त्याआधी काही महिने भाषेचा वर्ग. यंत्र, वीज, लाकूडकाम यांत एकट्यानं चार-सहा आठवडे पुरेसे आहेत. उरलेले दिवस मिळाले तर उत्तम, त्यांच्यासाठी अडून बसू नये.

संस्थेकडून होकार येण्याआधी तीन गोष्टी विचारा. या यजमानाकडे आधी कोणी गेलं होतं का, आणि त्याच्याशी बोलता येईल का? तिथं मला काम दाखवणाऱ्या माणसाचं नाव काय? आणि ती जागा नकोशी निघाली तर दुसरी शोधून देण्याची जबाबदारी कोणाची? दुसऱ्या प्रश्नाला कंपनीचं नाव उत्तर म्हणून आलं, तर पुन्हा विचारा.