ओव्हर टेबलावर की बेडजवळ?

शिफ्ट बदलताना ओव्हर, म्हणजे पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती, कुठे द्यायची, यावर तुमच्या हॉस्पिटलात चर्चा चालू असेल, तर वॉर्ड इन्चार्ज म्हणून दोन्ही पद्धती राबवल्यावर मला काय वाटतं ते सांगते.

टेबलावरची ओव्हर सुटसुटीत. ओव्हर बुक समोर असतं, नातेवाईक मध्ये बोलत नाहीत, सगळ्या सिस्टरना सगळे पेशंट कळतात. गुप्तताही राहते, एचआयव्हीबाबत तर २०१७ च्या कायद्याने ती पाळावीच लागते.

मला छळायचं ते एकच. टेबलावर ऐकायचं, ‘सात नंबर, ड्रिप चालू, आउटपुट (लघवी) बरं आहे.’ बेडजवळ जावं तर व्हेनफ्लॉनची, म्हणजे शिरेत घातलेल्या सुईची, जागा सुजलेली, युरोबॅग (लघवीची पिशवी) काठोकाठ भरलेली आणि ती शेवटची कधी रिकामी केली याची चार्टवर नोंदच नाही. विचारणार कुणाला? नाइटची सिस्टर बस पकडायला गेलेली. मग फोन करायचा, नाही लागला तर अंदाज बांधायचा. ऑपरेशन होऊन एक रात्र झालेल्या माणसाच्या लघवीचा अंदाज! हे मला कधीच पटलं नाही.

बेडजवळ दोघी मिळून सलाइन, औषधाच्या पंपाचा रेट, ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी), पाठीची त्वचा बघतात आणि शंका तिथल्या तिथे मिटते. पेशंटही बोलतो, ‘सिस्टर, दुपारची गोळी राहिली.’ वेळ मात्र जास्त जातो, वॉर्ड भरलेला असला की बराच. रात्री आठची ओव्हर भेटायच्या वेळेत आली तर प्रश्नांचा भडिमार होतो, म्हणून भेटायची वेळ आधी बदलून घ्या.

बोलण्याला साचा हवाच. अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून आरोग्यसेवेत आलेला एसबीएआर जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये सुचवला: आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, आपलं निरीक्षण, पुढे काय करायचं. घाईत हे शेवटचंच राहून जातं, आणि पुढच्या शिफ्टला नेमकं तेच हवं असतं.

मानसोपचार वॉर्डाचं गणित कदाचित वेगळं असेल, तिथला माझा अनुभव नाही. जनरल आणि सर्जिकल वॉर्डात मात्र मी बेडजवळच्या ओव्हरकडेच झुकेन. निदानासारखी नाजूक माहिती आधी टेबलावर उरकून घ्यावी. रात्री स्टाफ अपुरा असेल तर निदान ताज्या ऑपरेशनचे आणि इन्सुलिन किंवा हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असलेले पेशंट दोघींनी एकत्र बघावेत, आणि ओव्हर बुकवर सही त्यानंतरच करावी.