स्मरणिकांच्या कामात ग्रेप: काही महिने वापरल्यानंतर

फोंडा परिसरातल्या देवस्थानांच्या आणि भजनी मंडळांच्या स्मरणिकांचं मुद्रितशोधन मी करते. अंकांचा मजकूर साध्या टेक्स्ट फायलींत साठवलेला आहे. गेल्या पावसाळ्यापासून त्यात काहीही शोधायचं झालं की ग्रेपच वापरते, म्हणजे टाइप करून द्यायची एक आज्ञा, जी दिलेला शब्द असलेल्या ओळी फायलींतून काढून दाखवते. केन टॉम्प्सननी बेल लॅब्जमध्ये लिहिलेला हा प्रोग्राम १९७३ पासून युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आहे. लिनक्स आणि मॅकवर तो आयताच मिळतो, विंडोजवर त्यासाठी डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) घालता येतं.

सगळ्यात जास्त उपयोग होतो आडनावांसाठी. आमच्याकडे एकाच यादीत नाईक येतं आणि नाइकही. देणगीदाराचं नाव दोन पानांवर दोन तऱ्हांनी छापलं गेलं की समितीचा फोन आलाच. मी 'ना[ईइ]क' एवढंच शोधायला देते (चौकटी कंसातलं कुठलंही एक अक्षर चालतं), सोबत आर आणि एन (-r, -n) हे पर्याय. आर आतल्या सगळ्या फोल्डरांत शिरतो, एन ओळीचा क्रमांक देतो. समोर येतं ते असं:

देणगीदार:४१:नाइक कुटुंबीय, म्हार्दोळ

फाईल, ओळ आणि पूर्ण मजकूर एकत्र दिसतो, त्यामुळे कुठलं घर ते लगेच कळतं. (नायक हे वेगळं आडनाव, त्याला हात लावायचा नाही.) सी (-c) हा पर्याय किती सापडलं ते मोजून देतो, पण तो आकडा ओळींचा असतो, एका ओळीत नाव दोनदा असलं तरी तो एकच धरतो.

आज्ञेच्या शेवटी > लावून फाईलचं नाव दिलं की ही यादी फाईलमध्ये उतरते आणि समितीला पाठवता येते. इथे जपायला हवं. शेल, म्हणजे आपल्या आज्ञा घेऊन चालवणारा प्रोग्राम, आधी ती फाईल रिकामी करतं, मग आज्ञा चालवतं. म्हणून यादी सॉर्ट करून त्याच नावाच्या फाईलमध्ये पाठवली, तर हाती कोरी फाईल येते. बॅश नावाच्या शेलमध्ये नोक्लॉबर हे सेटिंग चालू ठेवावं, म्हणजे > आधीपासून असलेल्या फाईलवर लिहायला नकार देतं. जुन्या मजकुराखाली जोडायचं तर >> आहेच. निकालाची फाईल शोधाच्या फोल्डरबाहेर ठेवावी, नाहीतर पुढच्या शोधात मागचे निकालही येऊन बसतात.

मराठीपुरती एक अडचण मोठी आहे, आणि ती कुणी आधी सांगत नाही. 'गावकऱ्यांनी' मधला अर्धा र कीबोर्डाप्रमाणे वेगवेगळ्या तऱ्हेनं साठवला जातो: कुठे ऱ आणि हलन्त, कुठे साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा वर्ण. पडद्यावर दोन्ही अगदी सारखेच. ग्रेपच्या लेखी ते दोन निराळे शब्द, त्यामुळे एक टाइप करून शोधलं की दुसरा निसटतो. मी आता 'गावक.*यांनी' असं शोधते (.* म्हणजे मधे काहीही चालेल). नको त्या ओळीही थोड्या येतात, त्या डोळ्यांनी गाळता येतात. युनिकोडच्या (अक्षरं साठवायच्या आजच्या सामाईक पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधल्या फायलींवर मात्र हाही उपाय चालत नाही; त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतात, आणि ते काम ग्रेपचं नाही.