पणजीच्या चौकात टांगण्याआधी: पीएमएस५००३ धूलिकण सेन्सर

काड्यापेटीहून थोडी मोठी, निळ्या पत्र्याची डबी. मापं ५० बाय ३८ बाय २१ मिलिमीटर. आत एक चिमुकला पंखा, लाल लेसर आणि प्रकाश टिपणारा डायोड. वाहनांमुळे हवा किती बिघडते हे मोजायचं ठरलं की कॉलेजच्या प्रोजेक्टपासून पंचायतीतल्या उत्साही मंडळींपर्यंत सगळ्यांची नजर आधी प्लँटॉवरच्या या पीएमएस५००३ वर जाते. किंमत विक्रेत्यागणिक बदलते, पण दोन-अडीच हजारांच्या आसपास काम होतं. प्रमाणित यंत्र कित्येक लाखांचं असतं, तेव्हा मोह समजण्यासारखा आहे. आमचं मत आधीच सांगून टाकतो: धुरासाठी डबी उत्तम, रहदारीसाठी अर्धवट, आणि गोव्याच्या पावसाळ्यात एकटी ठेवली तर चक्क दिशाभूल करणारी.

काम साधं आहे. पंखा हवा आत ओढतो, कण लेसरसमोरून जातात, उधळलेल्या प्रकाशावरून कणांची संख्या आणि आकार ठरतो. वजन मात्र कुणीच करत नाही. संख्येवरून वजनाचा अंदाज आतली चिप कंपनीच्या गणितानं बांधते, आणि ते गणित कंपनीनं उघड केलेलं नाही. दर सेकंदाच्या आसपास माहितीचं ३२ बाइटचं एक पुडकं बाहेर पडतं, वेग ९६०० बॉड, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. सुरुवातीचे दोन बाइट षोडशमानात ४२ आणि ४डी, शेवटचे दोन चेकसम, म्हणजे आधीच्या ३० बाइटची बेरीज. ती न तपासता आकडे साठवले की मध्येच एखादं अचाट रीडिंग घुसतं आणि सरासरीची वाट लागते. वजनाचे आकडे दोन संचांत येतात: पहिले तीन ‘सीएफ१’ (कारखान्यातल्या प्रमाण कणांवर बेतलेले), पुढचे तीन ‘वातावरणीय’ (बाहेरच्या हवेसाठी). दर घनमीटर हवेत साधारण ३० मायक्रोग्रॅमपर्यंत दोन्ही सारखेच असतात, त्यावर वातावरणीय आकडा मागे पडू लागतो. प्रोजेक्टच्या वहीत कुठला संच घेतला ते लिहून ठेवा. दोघांनी वेगवेगळे संच घेतले की पर्वरी आणि फोंडा यांची तुलना पहिल्याच दिवशी फसते.

आता मुद्द्याचं. कंपनीचं माहितीपत्रकच सांगतं की ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निम्मेच कण मोजले जातात आणि ०.५ व त्यापुढचे ९८ टक्के. डिझेल इंजिनातून नुकत्याच निघालेल्या काजळीचे बहुतेक कण ०.१ मायक्रॉनच्याही खाली असतात. प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूप लहान कणांच्या बाबतीत व्यास निम्मा झाला की उधळलेला प्रकाश ६४ पटींनी घटतो, त्यामुळे हे कण लेसरसमोरून गेले तरी डायोडला पत्ता लागत नाही. शिवाय काजळी काळी, प्रकाश गिळणारी. बीएस६ नियमांत डिझेल मोटारीसाठी दर किलोमीटरला ६ गुणिले १० चा अकरावा घात इतक्या कणांची मर्यादा आहे, आणि त्या चाचणीत मोजणी २३ नॅनोमीटरपासून सुरू होते. ही डबी ३०० नॅनोमीटरला, म्हणजे ०.३ मायक्रॉनला, डोळे उघडते. जुना टिपर धूर ओकत समोरून गेला आणि आकडा जेमतेम हलला, तर डबी बिघडलेली नाही. तिला तेवढंच दिसतं.

दुसऱ्या टोकालाही तीच रड. रस्त्याची लाल माती, टायरची नि ब्रेकची झीज, खनिजाच्या ट्रकांमागे उठणारा लोट हे सगळे जाडे कण. डबीत हवा लेसरपर्यंत पोचण्याआधी वळणं घेते, पंखा दुबळा, त्यामुळे जाडे कण वाटेतच भिंतीला चिकटतात. वजनाच्या हिशेबात तेच भारी: ५ मायक्रॉनचा एक कण ०.५ मायक्रॉनच्या हजार कणांइतका भरतो. मग पीएम१० चा, म्हणजे १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या वजनाचा, जो आकडा पडद्यावर येतो तो कुठून येतो? बहुतांशी बारीक कणांवरून ताणलेला अंदाज. वास्कोत ओट्यावरून बोट फिरवलं की काळं व्हावं आणि डबीनं पीएम१० निवांत दाखवावं, हे सहज घडू शकतं. उसगाव-तिस्कच्या रस्त्याकडेला हा आकडा ग्रामसभेत पुरावा म्हणून मांडू नका, समोरचा वकील दोन मिनिटांत उडवून लावेल. तिथं महिनाभर ठेवलेली धूळ-साठवण बरणी आणि तराजू जास्त कामाचे. इलेक्ट्रिक बसनं हवा किती सुधारली हेही या डबीनं ठरवू नये. नळकांड्याचा धूर गेला, टायरची झीज राहिली, आणि दोन्ही तिच्या नजरेबाहेर.

दिसतं काय मग? मधल्या आकाराचं सगळं, आणि ते फार छान दिसतं. जानेवारीतल्या सकाळी अंगणात पेटवलेला पालापाचोळा, मार्च-एप्रिलात काजूच्या भट्टीचा लाकडी धूर, नरकासुर दहनाच्या पहाटेचे फटाके, कचऱ्याची धग. संध्याकाळी चौकात रस-ऑम्लेटचा गाडा लागतो, त्या तव्याचं तेल तर डबीला मागच्या गाड्यांच्या रांगेपेक्षा ठळक दिसतं. सहा ते नऊच्या वेळात आलेखावर उंचवटा आला की ‘ऑफिस सुटल्याची रहदारी’ असं लिहून मोकळं होणाऱ्या अहवालांनी आधी खाली उतरून गाडा कुठं आहे ते पाहावं.

गोव्यात खरा घोळ दमटपणाचा. समुद्राच्या फवाऱ्यातलं मीठ हवेत कायम असतं. सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की मिठाचा कोरडा कण पाणी ओढून थेंब बनतो. व्यास फुगला, प्रकाश जास्त उधळला, आकडा चढला. प्रत्यक्षात हवेत मीठ तेवढंच, वाढलं ते पाणी. प्रमाणित यंत्रात हवा गरम नळीतून नेऊन आधी सुकवतात. या डबीत तशी सोय नाही. जून ते सप्टेंबर गोव्यात आर्द्रता सरासरी ८५ टक्क्यांच्या वर असते, हिवाळ्यातही पहाटे दव पडतंच. म्हणून पहाटे पाचचा उंच आकडा पाहून घाबरायचं कारण नाही, आणि त्यावरून लेख तर अजिबात लिहू नये.

दुरुस्तीची सूत्रं आहेत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये पर्पलएअर या स्वस्त हवामापन यंत्रांसाठी एक दिलं, आणि त्या यंत्रात हेच पीएमएस५००३ जोडीनं बसवलेले असतात: सीएफ१ चा आकडा गुणिले ०.५२४, वजा आर्द्रता गुणिले ०.०८६२, अधिक ५.७५. कच्चं रीडिंग ४० आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर उत्तर सुमारे १९. तेच ४० जर ४० टक्के आर्द्रतेत आलं तर सुमारे २३. दोन्हीकडे कच्चा आकडा खऱ्याच्या दुपटीच्या आसपास, हे ध्यानात घ्या. आपल्याकडे पीएम२.५ ची, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांची, २४ तासांची मर्यादा ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. दुरुस्ती न करता कच्चा आकडा मर्यादेशी लावून पाहणं ही या डबीच्या वापरातली सर्वांत महागडी चूक. सूत्रातली आर्द्रता यंत्राच्या पेटीतल्या सेन्सरची आहे, हवामान खात्याची नव्हे. पेटी गरम असते, म्हणून आतली आर्द्रता बाहेरच्यापेक्षा कमी भरते. आणि सूत्र अमेरिकेच्या हवेवर बेतलेलं. खरं तर प्रमाणित यंत्राशेजारी आपली डबी दोन आठवडे फेब्रुवारीत आणि दोन आठवडे ऑक्टोबरात ठेवून आपलंच सूत्र काढावं. नोंदी आल्या की हे काम एका दुपारचं आहे, शेजारी डबी लावायची परवानगी मिळवणं तेवढं लांबतं.

पेटी बनवताना होणाऱ्या चुका ठरलेल्या. हवा आत येण्याची नि बाहेर जाण्याची भोकं डबीच्या एकाच बाजूला आहेत. पेटीच्या भिंतीला ती चिकटून बसली नाहीत तर बाहेर फेकलेली हवा परत आत शिरते आणि डबी स्वतःचीच हवा मोजत बसते. दोन्हींच्या मध्ये फोमची पट्टी चिकटवा. भिंतीतलं भोक डबीच्या भोकापेक्षा लहान नको. पत्र्याचं कवच आतून ग्राउंडला जोडलेलं आहे, त्यामुळे ते दुसऱ्या बोर्डाच्या उघड्या तारांना टेकू देऊ नये. तोंड खाली वळवलेला ७५ मिलिमीटरचा पांढरा पीव्हीसी एल्बो पावसाच्या तिरप्या सरींना पुरतो, तळाला पाणी निथळायला एक भोक ठेवा. एक मिलिमीटरची जाळी लावा. त्याहून बारीक लावली तर महिनाभरात ती धुळीनं बंद पडते, नाही लावली तर कोळी घर करतो. जाळ्याचा एक धागा लेसरसमोर डुलला की आकडा शेकड्यांत जातो. उंची दोन ते तीन मीटर, जनरेटर, तंदूर आणि भिंतीचा कोपरा टाळून.

वीज पाचच व्होल्टची, चालण्याची मर्यादा साडेचार ते साडेपाच. लांब, बारीक यूएसबी वायरीतून व्होल्टेज पडतं, पंखा मंदावतो आणि आकडे गुपचूप बदलतात. ईएसपी३२ सारखा बोर्ड वायफाय लावताना झटका घेतो, म्हणून अडॅप्टर २ अँपियरचा बरा. डेटाच्या पिना ३.३ व्होल्टच्या, पाच व्होल्टच्या अर्डुइनोला थेट जोडू नका. आलेख फोनवर दिसत असला तरी मेमरी कार्डावर नोंद हवीच. मे अखेरीच्या गडगडाटात वीज जाते तेव्हा वायफाय पहिलं मरतं.

नोव्हा फिटनेसचा एसडीएस०११ हा दुसरा पर्याय. श्टुटगार्टमधून सुरू झालेल्या नागरिकांच्या हवामापन जाळ्यामुळे तो माहितीतला. त्याला नळी जोडता येते ही सोय. पण माहितीपत्रकात आर्द्रतेची कमाल ७० टक्के, आणि लेसरचं आयुष्य ८००० तास. अखंड चालवला तर ११ महिन्यांत खलास. गोव्यासाठी आम्ही तो सुचवणार नाही. पीएमएस५००३ सुद्धा अखंड चालवायची गरज नसते: दर पाच मिनिटांनी जागा करा, पहिली ३० सेकंदं फेकून द्या, पुढच्या ३० सेकंदांची सरासरी ठेवा.

रहदारीच मोजायची असेल तर या डबीच्या जोडीला नायट्रोजन डायऑक्साइडच्या नळ्या घ्या. सात सेंटिमीटरची प्लास्टिकची नळी, टोपणात हा वायू शोषून घेणारं ट्रायइथेनॉलअमीन लावलेली जाळी, उघडं तोंड खाली करून दोन ते चार आठवडे खांबाला टांगायची. नंतर कॉलेजच्या प्रयोगशाळेत रंग आणून ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायची. एक पातोच्या चौकात, एक फोंतैन्यासच्या आतल्या बोळात, आणि एक बंद टोपणाची नळी तुलनेसाठी. तासातासाचा आलेख मिळत नाही, पण गाड्यांचा वायू सापडतो. वार्षिक मर्यादा ४० मायक्रोग्रॅम आहे, महिन्याचा आकडा तिच्याशी थेट लावू नका; दोन जागांतला फरक पाहा.

डबी विकत घ्यायची तर एक नको, दोन घ्या. टांगण्याआधी दोन्ही एकाच खोलीत २४ तास शेजारी चालवा, मध्ये एकदा उदबत्ती लावा. चढ-उतार एकत्र झाले तर ठीक. पुढेही एकाच पेटीत दोन्ही ठेवा. दिवसाच्या सरासरीत फरक ५ मायक्रोग्रॅमहून जास्त आणि साधारण ६० टक्क्यांहूनही जास्त निघाला, तर तो दिवस नोंदीतून काढून टाका आणि जाळी उघडून पाहा. बहुतेक वेळा मुंग्या सापडतात. मुंग्या झाडूनही फरक राहिला किंवा पंखा कुरकुरू लागला, तर डबी उघडून दुरुस्त करायच्या भानगडीत पडू नका, नवी बसवा आणि शेजारी चालवायची चाचणी पुन्हा पहिल्यापासून घ्या.