चार्जरवरचा क्यूआर आणि रिफंडचा फोन

2025च्या जानेवारीत खजुराहोत दुकानांच्या आणि पेट्रोल पंपाच्या क्यूआरवर रातोरात दुसरेच क्यूआर चिकटवले गेले. खात्यात पैसे येईनात, तेव्हा दुकानदारांनी लगेच बोंब मारली. सार्वजनिक ईव्ही चार्जरवर हीच युक्ती केली तर बोंब मारायला तिथे माणूसच नसतो. रक्कम ओरडून सांगणारा स्पीकरही नसतो.

चार्जरवरचा मूळ क्यूआर बहुतेक ठिकाणी पैशांचा नसतोच. कंपनीच्या अ‍ॅपमधून तो स्कॅन केला की चार्जर आयडी, गनचा (गाडीत लावायच्या प्लगचा) क्रमांक आणि युनिटचा दर दिसतो. पैसे वॉलेटमधून कापले जातात. स्कॅन करताच थेट यूपीआयचं पान उघडून वर कुण्या माणसाचं नाव आलं, तर तिथेच थांबा. काही चार्जर थेट यूपीआय घेतात, पण तो क्यूआर सहसा स्क्रीनवर येतो. ‘500 रुपये भरा, चार्जिंग सुरू होईल’ असा चिकटवलेला कागद दिसला, तर कडेला नख लावून बघा. खाली दुसरा क्यूआर असेल तर उलगडा तिथेच होतो.

दुसरा सापळा जास्त महागात पडतो. सीसीएस-2 गन, म्हणजे फास्ट चार्जिंगचा प्लग, लावली, वॉलेटमधले पैसे अडकले आणि सेशन ‘प्रिपेअरिंग’वरच मेलं. कारण बहुधा साधं असतं: गन पूर्ण बसलेली नाही, चार्जरचं नेटवर्क गेलंय, किंवा लाल इमर्जन्सी बटण कोणी दाबून ठेवलंय. पण बॅटरी 8 टक्क्यांवर असलेला माणूस घाईत गुगलवर कस्टमर केअर शोधतो आणि पहिला दिसेल तो नंबर लावतो. पलीकडचा गोड बोलतो, गाडीचं मॉडेलही विचारतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे बाहेरून इन्स्टॉल करायची फाइल, येते किंवा स्क्रीन शेअर करायला सांगतात, आणि शेवटी ‘पिन टाका, रिफंड जमा होईल’. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. नंबर घ्यायचा तो अ‍ॅपच्या मदत विभागातूनच. चार्जरवर चिकटवलेल्या नंबरवरही भरवसा नको.

बिल जास्त आलं म्हणजे दर वेळी फसवणूक नसते, हेही खरं. 20 रुपयांचा दर 18 टक्के जीएसटी धरून 23.60 होतो. 40 युनिटच्या बॅटरीला 20 वरून 80 टक्क्यांवर न्यायला 24 युनिट लागतात. एसी चालू ठेवला तर थोडे जास्त. 32 लावले असतील तर मात्र चार्जरच्या स्क्रीनचा आणि डॅशबोर्डचा फोटो काढून तक्रार करा.

पैसे गेलेच तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग बँक. व्यवहाराचा 12 अंकी यूपीआय क्रमांक, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. खोटा स्टिकर रागाने फाडू नका. चार्जर आयडी दिसेल असा त्याचा फोटो आधी काढा.