टूरिंग सायकलचे रिम ब्रेक सुधारून चोर्ल्यात काढलेला एक पावसाळा

रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कड्यावर (रिमवर) दोन्ही बाजूंनी रबर दाबणारे ब्रेक, नीट धरत नाहीत म्हटलं की बहुतेकांचा सल्ला एकच असतो, चाकाच्या मध्याजवळच्या चकतीवर ब्रेक धरणारी डिस्कवाली सायकल घे. माझी सायकल स्टीलच्या फ्रेमची, खाली वळलेल्या ड्रॉप हँडलची, लांबच्या प्रवासाची जुनी टूरिंग आहे. पुढेमागे कँटिलिव्हर ब्रेक आहेत, म्हणजे रिमच्या दोन बाजूंना दोन बाहू आणि त्यांना ओढणारी मधली तार. डिस्क कॅलिपर बसवायला फ्रेमवर जागाच नाही, आणि ही फ्रेम मला सोडायची नव्हती. म्हणून उन्हाळ्यात आहेत तेच ब्रेक हातात घेतले आणि जून ते सप्टेंबर सगळा पाऊस त्यांच्यावरच सायकल चालवली. आता माझं मत पक्कं झालंय. ब्रेकचा सांगाडा क्वचितच कमजोर असतो. बोटांनी लावलेला जोर रिमपर्यंत पोचायच्या आत वाटेतच मुरतो, आणि तो कुठे मुरतो ते शोधणं हेच खरं काम.

माझा वापर आधी सांगतो. गोव्यात डिचोलीहून चोडणची फेरीबोट धरून पणजी हा नेहमीचा रस्ता. सुट्टीला साखळी, केरी करत अंजुणे धरणाच्या बाजूने चोर्ला घाट चढायचा आणि परत उतरायचं. मागे कॅरिअरला अडकवलेल्या दोन पिशव्या (पॅनियर) भरलेल्या असतात. मी, सायकल आणि सामान मिळून ११० किलोच्या आसपास जातो. एवढं वजन दर १०० मीटर खाली उतरताना साधारण १०८ किलोज्यूल ऊर्जा सुटते. थोडी वारा घेतो, बाकी सगळी ब्रेकच्या रबरात आणि रिममध्ये उष्णता होऊन जाते. सपाट रस्त्यावर चालून जाणारा ब्रेक घाटात उघडा पडतो तो यामुळे.

सुरुवातीची अवस्था अशी होती. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबली जायची आणि हाताला सगळं मऊ लागायचं. रिम ओली असली की चाकाचे एक-दोन फेरे काहीच व्हायचं नाही, मग एकदम पकड यायची. आणि पुढचा ब्रेक जोरात दाबला की पुढचं चाक धरणारा फोर्क थरथरायचा.

पहिला बदल रबरांचा. जुनी रबरं कडक होऊन चकाकायला लागली होती. त्यांच्या जागी कूल-स्टॉप कंपनीची सॅमन रंगाची पॅड घातली. हे मिश्रण ओल्या रस्त्यासाठी नावाजलेलं आहे आणि पावसात ते नाव खरं ठरलं. रिमवरचं पाणी पुसायला चाकाचा अर्धाएक फेरा अजूनही लागतो, तो कुठल्याही रिम ब्रेकला लागणारच, पण त्यानंतरची पकड सावकाश आणि भरवशाची येते. किंमत साध्या रबरांच्या कितीतरी पट आहे. तरीही कोणी मला एकच गोष्ट बदलायची म्हणाला तर मी हीच सांगेन. बसवताना दोन गोष्टी पाहाव्यात. पॅडचं पुढचं टोक मागच्यापेक्षा साधारण एक मिलिमीटर आधी रिमला टेकलं पाहिजे, म्हणजे किंचाळणं थांबतं. आणि होल्डरमध्ये सरकवून बसवायची पॅड असतील तर होल्डरची बंद बाजू पुढे हवी. चाक पॅडला पुढे ओढतं, त्यामुळे उघडी बाजू पुढे राहिली तर भर ब्रेकमध्ये रबर निसटून बाहेर येऊ शकतं.

दुसरा बदल आउटरचा, म्हणजे ब्रेकची तार ज्यातून जाते त्या बाहेरच्या नळीचा. याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. साध्या ब्रेक आउटरमध्ये चपट्या तारेची गुंडाळी असते. लिव्हर दाबली की ती गुंडाळी थोडी आवळते, आउटर जरासा आखूड होतो आणि आपल्या बोटांचा प्रवास तिथेच संपतो. मागच्या ब्रेकची केबल लांब असल्याने तिथे हे जास्त जाणवतं. मी ब्रेकसाठीच बनवलेला, न दबणारा आउटर घातला. त्याच्या तारा उभ्या असतात आणि त्यांच्यावर मजबूत वेष्टन असतं. इथे एक इशारा देतोच. गिअरच्या आउटरमध्येही उभ्या तारा असतात, म्हणून काही दुकानांत तोच ब्रेकला लावून देतात. तो कधीही लावू देऊ नका. त्या तारा फक्त प्लास्टिकच्या आवरणात धरलेल्या असतात, आणि जोरात ब्रेक मारताना आवरण फुटलं की ब्रेकच जातो. आउटर कापल्यावर टोक कानशीने सपाट करायचं, आतली नळी टोच्याने उघडायची, मग टोपी घालायची. टोक तिरकं राहिलं तर महागाच्या आउटरचाही उपयोग होत नाही. आतली तार स्टेनलेसच घेतली. किनाऱ्याकडच्या खाऱ्या हवेत साधी तार एका पावसाळ्यात गंजून आउटरमध्ये घासायला लागते.

या दोन बदलांनंतर लिव्हर हाताला टणक लागायला लागली. पण कँटिलिव्हरची खरी गंमत मधल्या आडव्या तारेत आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ तिथेच लागला. दोन्ही बाहूंना जोडणारी तार मधोमध वर ओढली जाते. माझ्या ब्रेकचे बाहू कमी बाहेर येणारे आहेत. अशा ब्रेकमध्ये ती तार जितकी खाली, जितकी आडवी, तितका रिमवरचा दाब वाढतो. ती उंच त्रिकोणात ताणलेली असेल तर लिव्हर छान घट्ट लागते, पण दाब कमी पडतो. त्यामुळे नुसत्या घट्टपणावरून ब्रेक चांगला ठरवू नये. सायकल दुकानातून येते तेव्हा तार बहुधा उंचच ठेवलेली असते. मी आडवी तार आखूड करून तिचा मधला तुकडा खाली आणला. लिव्हर आता थोडी जास्त आत जाते, पण तेवढ्याच बोटांच्या जोरात सायकल स्पष्टपणे लवकर थांबते. फार खाली आणली तर रबर रिमला पूर्ण दाबलं जायच्या आतच लिव्हर हँडलला टेकते, म्हणून थोडंथोडं करून बघत जावं. आणखी एक धोका इथेच आहे. मुख्य केबल तुटली तर ही आडवी तार टायरवर पडून पुढचं चाक जागच्या जागी अडकू शकतं. माझ्या चाकावर मडगार्ड आहे, तो तिला अडवतो. मडगार्ड नसेल तर निदान रिफ्लेक्टरची पट्टी तरी तिथे ठेवा.

फोर्कची थरथर मात्र यातल्या कशानेच गेली नाही. पुढच्या केबलचा आउटर जिथे टेकतो तो आधार वर, हँडलखालच्या हेडसेटपाशी होता. ब्रेक मारला की फोर्क मागे वाकतो, वरचा आधार आणि खालचा ब्रेक यांच्यातलं अंतर बदलतं, केबल आपोआप आणखी ताणली जाते, ब्रेक जास्तच धरतो, मग सुटतो, परत धरतो. तो आधार काढून फोर्कच्या माथ्यावरच्या भोकात बोल्टने बसणारा छोटा आधार लावला आणि थरथर त्याच दिवशी थांबली. या यादीत सगळ्यात स्वस्त बदल हाच होता.

ब्रेकचे बाहू ज्यांच्यावर बसतात त्या दोन्ही खुंट्यांना जोडणारी घोड्याच्या नालेसारखी बूस्टर पट्टीही मागे लावून पाहिली. फरक जाणवला नाही. माझ्या फ्रेमच्या मागच्या नळ्या मुळात जाड आहेत, बारीक नळ्यांवर कदाचित उपयोग होईल. मिनी व्ही-ब्रेक, म्हणजे उभ्या बाहूंच्या व्ही-ब्रेकचा आखूड प्रकार, घालावेत असंही अनेकांनी सुचवलं. ते ड्रॉप हँडलच्या लिव्हरवर चालतात आणि जोरदार असतात. पण त्यांची पॅड रिमच्या अगदी जवळ ठेवावी लागतात आणि मडगार्डला जागा कमी उरते. आपल्या तांबड्या चिखलात मला ते नको. पूर्ण लांबीचे व्ही-ब्रेक तर ड्रॉप हँडलच्या साध्या लिव्हरवर थेट लावूच नयेत, त्यांना केबल जास्त ओढणारी लिव्हर लागते.

त्या चिखलाबद्दल वेगळं सांगायला हवं. सत्तरी-डिचोलीची जांभ्याची माती पावसात रिमवर बसते आणि तिचे कण पॅडमध्ये रुततात. मग तेच कण ॲल्युमिनियम खरवडतात आणि त्याचे चकचकीत कपचे रबरात अडकून बसतात. सॅमन पॅडमध्ये ते कमी दिसले, पण दिसले. पावसाळ्यात दर आठवड्याला चाक काढून सुईने कपचे काढायचे, पॅडवरून पॉलिश पेपर फिरवायचा, रिम भांड्याच्या साबणाने धुवायची, हे मी नियमाने केलं. ज्या आठवड्यात केलं नाही, त्यात खरखर लगेच ऐकू आली. चेनचं तेल रिमवर उडू नये म्हणून चेनला तेल लावताना मागच्या रिमवर फडकं टाकतो.

घाटात हातांची जागाही महत्त्वाची आहे. लिव्हरच्या वरच्या मुठीवरून ब्रेक मारला की बोटं लिव्हरच्या बिजागरीजवळ पडतात आणि जोर कमी मिळतो. हँडलच्या खालच्या वळणात हात ठेवला की तोच ब्रेक दुप्पट वाटतो. चोर्ल्याच्या वळणांआधी मी हात खाली नेतो, पुढचा ब्रेक जास्त आणि मागचा कमी असा थोडा वेळ दाबून सोडतो. सतत घासत उतरलं तर कोरड्या दिवसांत रिम तापते आणि ट्यूब फुटायची भीती असते.

एक गोष्ट राहिली, ती झीज. रिम ब्रेकमध्ये रिम हाच ब्रेकचा भाग आहे आणि तो संपतो. बऱ्याच रिमवर बारीक खाच किंवा ठिपका असतो, तो पुसला गेला की रिम बदलायची. खूण नसेल तर पट्टी आडवी धरून रिमच्या बाजूच्या भिंतीला खळगा पडलाय का बघायचं. माझ्या पुढच्या रिमची खाच अजून नीट दिसते. मागच्या रिमला बोटाला लागेल इतका खळगा आलाय. जुना हब (चाकाचा मधला भाग) ठेवून त्याच्यावर ३६ आऱ्यांची नवी ॲल्युमिनियम रिम दिवाळीनंतर विणून घेणार आहे. तोवर मागच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवतोय, सामान हलकं नेतोय, आणि चोर्ला बंद.